फिल्म नॉयरचा घरचा संग्रह: पहिली डिस्क घेण्याआधी वाचा

हॉलिवूडचे १९४० आणि १९५० च्या दशकांतले काळे गुन्हेपट, म्हणजे फिल्म नॉयर, घरी जमवायचे ठरवलं असेल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. आपण चित्रपटाचं नाव विकत घेत नाही, त्याची प्रत विकत घेतो. एकाच चित्रपटाच्या बाजारात पाच-सहा डिस्क असतात. एकीवर जिन्यातली सावली भिंतीवरून सरकताना दिसते, दुसरीवर त्या जागी करडा चिखल असतो. या चित्रपटांत अंधारही कथा सांगत असतो. जॉन ऑल्टन, निकोलस मुसुराका, जॉन एफ. सीट्झ या छायालेखकांनी चौकटीचा अर्धाअधिक भाग मुद्दाम काळा ठेवला आणि उरलेल्या उजेडात माणसं उभी केली. तो काळा रंग गेला की चित्रपटातलं निम्मं निघून जातं.

स्ट्रीमिंगवर भागणार नाही का, असं नवीन माणूस विचारतोच. भारतातल्या सेवांवर या काळातले चित्रपट फार थोडे असतात, आणि आज असलेला पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. शिवाय कमी वेगाच्या इंटरनेटवर सगळ्यात आधी बिघडतात ती अंधारी दृश्यं. काळ्या रंगाचे पट्टे पडतात, धुकं चौकोनी होतं. म्हणून डिस्क.

१. आधी यादी करा, मग खरेदी

नॉयरचा अभिजात काळ साधारणपणे १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’पासून १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’पर्यंत धरतात. या अठरा वर्षांत शेकडो चित्रपट निघाले. सगळे जमवायचे ठरवलंत तर पैसा आणि जागा दोन्ही संपतील, आणि अर्धे पाहूनही होणार नाहीत. नवख्याने दहाच चित्रपट निवडावेत, ते नीट पाहावेत आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते ओळखावं. माझी यादी अशी:

- ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४), दिग्दर्शक बिली वायल्डर
- ‘लॉरा’ (१९४४), ओटो प्रेमिंजर
- ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७), जाक टूर्नर
- ‘टी-मेन’ (१९४७), अँथनी मान
- ‘इन अ लोन्ली प्लेस’ (१९५०), निकोलस रे
- ‘गन क्रेझी’ (१९५०), जोसेफ एच. लुईस
- ‘द नॅरो मार्जिन’ (१९५२), रिचर्ड फ्लायशर
- ‘द बिग हीट’ (१९५३), फ्रिट्झ लांग
- ‘किस मी डेडली’ (१९५५), रॉबर्ट ऑल्ड्रिच
- ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८), ऑर्सन वेल्स

एकच घ्यायचा असेल तर ‘आउट ऑफ द पास्ट’ घ्या. मुसुराकाचा कॅमेरा आणि रॉबर्ट मिचमचा थकलेला आवाज यांनी तुम्हाला धरलं नाही तर पुढचा खर्च करू नका. धरलं तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

२. प्लेअर: पैसे इथेच सगळ्यात जास्त वाया जातात

डिस्कवर रीजन कोड असतो, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याची खूण. डीव्हीडीत अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत ५. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. सी रीजनसाठी नॉयर जवळजवळ कोणी काढत नाही. आपल्याला लागणाऱ्या डिस्क अमेरिका आणि ब्रिटनमधून येतात, म्हणजे ए आणि बी दोन्ही चालवणारा प्लेअर हवा.

इथे एक सापळा आहे. ‘रीजन फ्री’ म्हणून विकले जाणारे बरेच प्लेअर फक्त डीव्हीडीपुरते मोकळे असतात आणि ब्लू-रेसाठी बंदच राहतात. दुकानदाराला सरळ दोन प्रश्न विचारा: डीव्हीडीचे सगळे रीजन चालतात का, आणि ब्लू-रेचे ए, बी, सी तिन्ही चालतात का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. जमलं तर एक बी रीजनची डिस्क घेऊन जा आणि दुकानातच लावून पाहा.

अमेरिकेतून कोणी प्लेअर आणणार असेल तर मागची व्होल्टेजची पट्टी वाचायला सांगा. फक्त ११० व्होल्टचा प्लेअर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल. ‘१००–२४०’ लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलायची.

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजन नसतो, ही मोठी सोय. पण त्यासाठी फोर-के प्लेअर लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही. अशा संचात पुष्कळदा सोबत साधी ब्लू-रेही असते आणि तिला मात्र रीजन असू शकतो. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं दोन्ही डिस्कसाठी वेगवेगळी वाचा.

संगणकाच्या ड्राइव्हवर चालवणार असाल तर डीव्हीडीचा रीजन पाच वेळाच बदलता येतो. त्यानंतर तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. सहज म्हणून बदलत बसू नका.

ब्रिटन-युरोपच्या जुन्या डीव्हीडींची आणखी एक गोष्ट. त्या पाल पद्धतीच्या असतात, सेकंदाला २५ चौकटींच्या. मूळ चित्रपट २४ चौकटींचा, म्हणून शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढतो. काही कापलं आहे असं समजून घाबरू नका. पण पर्याय असेल तर अमेरिकन डीव्हीडी किंवा कुठलीही ब्लू-रे घ्या. ब्लू-रेवर चित्रपट सहसा मूळ वेगानेच असतो.

३. चित्रपट कोणाच्या मालकीचा, हे शिका

नवखे या पायरीकडे लक्ष देत नाहीत. मला विचाराल तर संग्रहाची किल्ली हीच. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह ज्याच्या तिजोरीत, चांगली प्रत त्याच्याकडून किंवा त्याच्या परवानगीनेच निघते. पडद्यावर सुरुवातीला दिसणारी कंपनी आणि आजचा मालक बऱ्याचदा वेगळे असतात.

सगळ्यात मोठा साठा वॉर्नरकडे आहे. स्वतःचे चित्रपट आहेतच. शिवाय टीव्ही उद्योजक टेड टर्नरने १९८६ मध्ये एमजीएम स्टुडिओचा जुना संग्रह विकत घेतला, पाठोपाठ आरकेओ या जुन्या स्टुडिओचे हक्क मिळवले, आणि १९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली. त्यामुळे ‘आउट ऑफ द पास्ट’, ‘द नॅरो मार्जिन’, ‘मर्डर, माय स्वीट’ हे आरकेओचे चित्रपट आज वॉर्नरचे आहेत. २००४ ते २०१० या काळात त्यांनी ‘फिल्म नॉयर क्लासिक कलेक्शन’चे पाच डीव्हीडी संच काढले. पहिल्यात पाच चित्रपट आणि पाचही खणखणीत: ‘द ॲस्फाल्ट जंगल’, ‘गन क्रेझी’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘आउट ऑफ द पास्ट’, ‘द सेट-अप’. आमच्या पिढीतल्या कित्येकांची सुरुवात त्या संचाने झाली. आता यांतले चित्रपट ‘वॉर्नर आर्काइव्ह’ या मालिकेत ब्लू-रेवर येतात, आणि त्या ब्लू-रे डोळे मिटून घ्याव्यात अशा असतात.

पॅरामाउंटचं गणित उलटं आहे. १९५० च्या आधीचे त्यांचे जवळजवळ सगळे बोलपट १९५८ मध्ये एमसीए या कंपनीने विकत घेतले आणि ते युनिव्हर्सलकडे गेले. म्हणून ‘डबल इन्डेम्निटी’, ‘धिस गन फॉर हायर’, ‘द ग्लास की’ हे पॅरामाउंटचे चित्रपट युनिव्हर्सलच्या खात्यात शोधायचे. युनिव्हर्सल स्वतः फार कमी काढते, पण इतरांना परवानगी देते. अमेरिकेत किनो लॉर्बर या डिस्क कंपनीने ‘फिल्म नॉयर: द डार्क साइड ऑफ सिनेमा’ या नावाखाली तीन-तीन चित्रपटांचे संच काढले आणि त्यांचे वीसहून अधिक खंड झाले. त्यांत युनिव्हर्सलचे चित्रपट भरपूर आहेत. हे संच असमान आहेत हे आधीच सांगतो. तीनांतला एक उत्तम, एक बरा आणि एक केवळ कपाटासाठी, असं वारंवार होतं. नावं वाचून घ्या, खंडाचा क्रमांक पाहून घेऊ नका.

कोलंबियाचा संग्रह सोनीकडे आहे आणि सोनी आपले चित्रपट प्रेमाने जपते. ब्रिटनच्या इंडिकेटर या डिस्क कंपनीने ‘कोलंबिया नॉयर’ नावाचे सहा-सहा चित्रपटांचे संच काढले. सोबत जाड पुस्तिका, जुन्या मुलाखती, समीक्षकांची समालोचनं. ‘द लाइनअप’, ‘ड्राइव्ह अ क्रूकेड रोड’, ‘द अंडरकव्हर मॅन’ असे कमी गाजलेले चित्रपट इतक्या आदराने दुसऱ्या कोणी काढले असतील असं मला वाटत नाही. पहिली आवृत्ती मर्यादित असते, ती संपली की पुष्कळदा साधी आवृत्ती येते. पुस्तिका नको असेल तर थांबायला हरकत नाही.

फॉक्स २०१९ मध्ये डिस्नेकडे गेली. २००५ पासून फॉक्सने नॉयरची स्वतंत्र डीव्हीडी मालिका चालवली होती, तिची सुरुवातच ‘लॉरा’, ‘कॉल नॉर्थसाइड ७७७’ आणि ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’ यांनी झाली. आता फॉक्सचे चित्रपट क्वचित येतात, आलेच तर क्रायटेरियनसारख्या अमेरिकन डिस्क कंपन्यांकडून. ‘नाइटमेअर ॲली’ (१९४७) तसाच आला. फॉक्सची चांगली जुनी डिस्क रास्त भावात दिसली तर सोडू नका.

युनायटेड आर्टिस्ट्सचे पुष्कळसे चित्रपट एमजीएममार्गे २०२२ मध्ये ॲमेझॉनकडे गेले. ‘किस मी डेडली’ आणि ‘द किलिंग’ त्यांतलेच. दोन्ही क्रायटेरियनने काढले आहेत.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. वहीत एक पान करा: स्टुडिओ, आजचा मालक, आज कोण काढतं. खरेदीआधी त्या पानाकडे बघा. वर न आलेल्या कंपनीची डिस्क दिसली की सावध व्हा. ती वाईट असेलच असं नाही, पण तिची प्रत कुठून आली हे विचारायलाच हवं.

४. हक्क सुटलेले चित्रपट आणि स्वस्त डिस्कचा बाजार

अमेरिकेत त्या काळच्या कायद्यानुसार २८ वर्षांनी हक्कांचं नूतनीकरण करावं लागे. ते ज्यांचं झालं नाही ते चित्रपट सर्वांसाठी खुले झाले. ‘डीटूर’ (१९४५), ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), ‘डी.ओ.ए.’ (१९५०), ‘द हिच-हायकर’ (१९५३), ‘टू लेट फॉर टियर्स’ (१९४९) ही त्यांतली मोठी नावं. खुले झाल्यावर कुणीही टीव्हीसाठी काढलेली घासलेली १६ मिलिमीटरची प्रत घेऊन डिस्क छापू शकतो. ‘एका खोक्यात ५० क्राइम क्लासिक्स’ अशा संचांत हेच असतं. ते घेऊ नका. ती प्रत पाहून तुम्ही म्हणाल की चित्रपटच सुमार आहे, आणि तो मनातला निकाल मग पुसता पुसत नाही.

‘डीटूर’चंच पाहा. एडगर उल्मरने अगदी थोड्या पैशांत केलेला, सत्तर मिनिटांच्या आतला चित्रपट. कित्येक दशकं तो खरवडलेल्या, उड्या मारणाऱ्या प्रतींतच दिसत होता, आणि लोक त्या गबाळेपणालाच त्याची शैली समजत. मग अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशनने बेल्जियमच्या संग्रहालयातल्या प्रतीच्या आधारे तो दुरुस्त केला, आणि २०१९ मध्ये क्रायटेरियनने डिस्क काढली. आता रात्रीच्या रस्त्यावरचं धुकं धुकं दिसतं आणि ॲन सॅव्हेजच्या डोळ्यांतला राग स्पष्ट दिसतो.

अशा अनाथ चित्रपटांसाठी नॉयरचे अभ्यासक एडी मुलर यांनी २००५ मध्ये फिल्म नॉयर फाउंडेशन स्थापन केलं. ‘वुमन ऑन द रन’ (१९५०) ची अमेरिकेतली प्रिंट २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या आवारातल्या आगीत जळाली. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडच्या सामग्रीतून चित्रपट पुन्हा उभा राहिला. हा आणि ‘टू लेट फॉर टियर्स’ हे दोन्ही २०१६ मध्ये फ्लिकर ॲली या कंपनीने डिस्कवर आणले. दुरुस्तीचं काम संस्थेच्या पैशांवर चालतं, आणि अशी डिस्क घेतली की त्या कामाला आपलाही हात लागतो. मी या डिस्क सवलतीची वाट न पाहता घेतो.

अँथनी मान आणि ऑल्टन या जोडीचे ‘टी-मेन’ आणि ‘रॉ डील’ घ्यायचे असतील तर क्लासिकफ्लिक्स या कंपनीच्या आवृत्त्या शोधा. ऑल्टनचा काळा रंग काय होता ते त्यांत कळतं.

५. आवृत्ती कशी पारखायची

‘डीव्हीडीबीव्हर’ या संकेतस्थळावर एकाच दृश्याच्या वेगवेगळ्या डिस्कमधल्या चौकटी शेजारी शेजारी लावलेल्या असतात. खरेदीआधी तिथे जाणं हा नियम करा. काय बघायचं?

दाणा. फिल्मला दाणा असतो, म्हणजे बारीक ठिपक्यांचा पोत (ग्रेन), आणि तो दिसायलाच हवा. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर संगणकाने दाणा पुसला आहे, आणि त्याबरोबर कापडाचा पोत, घामाचे थेंब, भिंतीचा खडबडीतपणाही गेला.

काळोख. काळ्या कोटावर काळी सावली पडते तेव्हा दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. सगळं एकच डांबर झालं असेल तर कॉन्ट्रास्ट फार चढवला आहे. सगळं राखाडी असेल तर प्रत कुठल्यातरी चौथ्या-पाचव्या पिढीची आहे, म्हणजे प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत अशी काढलेली.

चौकट. १९५३ च्या आधीचा चित्रपट जवळजवळ चौकोनीच असतो, टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि ते यायलाच हवेत. खोक्यावर ‘फुल वाइडस्क्रीन’ अशी जाहिरात असेल तर वरचं-खालचं कापलेलं आहे. १९५३ नंतरच्या चित्रपटांत रुंद चौकट येऊ लागली, त्यामुळे तिथे दरवेळी तपासा.

लांबी. ‘किस मी डेडली’चा शेवट कित्येक वर्षं तुटका दाखवला गेला, मूळ शेवट १९९७ मध्ये परत जोडला. फार जुनी प्रत घेतलीत तर चित्रपटाचा अर्थच बदलतो. ‘टच ऑफ ईव्हिल’च्या तीन आवृत्त्या आहेत: १९५८ ची चित्रगृहातली, तिच्याआधीची लांब प्रीव्ह्यू आवृत्ती, आणि वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये संकलित केलेली. तिन्ही असलेला संच घ्या आणि १९९८ ची आधी पाहा. ‘द बिग स्लीप’च्याही १९४५ आणि १९४६ अशा दोन आहेत, वॉर्नरच्या डिस्कवर दोन्ही मिळतात. दुसरी जास्त रंगतदार आहे, पण कथानक पहिलीत जास्त समजतं.

सबटायटल्स. या चित्रपटांतली माणसं भराभर बोलतात आणि गुन्हेगारांच्या बोलीत बोलतात. इंग्रजी सबटायटल्स असली की निम्मा त्रास वाचतो. वॉर्नर आर्काइव्हच्या ब्लू-रेवर ती असतात, पण मागणीनुसार छापलेल्या त्यांच्या डीव्हीडींवर बहुधा नसतात. युरोपातल्या काही बेकायदा डिस्कवर उलटं होतं, परकी भाषेतली सबटायटल्स बंदच करता येत नाहीत.

मागणीनुसार छापलेल्या डीव्हीडींबद्दल आणखी एक. त्या खऱ्या अर्थाने छापलेल्या नसतात, कोऱ्या डिस्कवर लिहिलेल्या असतात. खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली तर ती तशी डिस्क. चित्रपट दुसरीकडे मिळतच नसेल तर घ्यावी, पण आयुष्यभराची ठेव समजू नये.

६. मागवणं: कागदपत्रं आणि वाटा

आधी हे हाताशी ठेवा:

- आधार, आणि पॅन किंवा पासपोर्ट यांची स्वच्छ स्कॅन. परदेशी पार्सलसाठी कुरिअर कंपनी केवायसी मागते, आणि ते दिल्याशिवाय पार्सल कस्टम्समधून सुटत नाही.
- परदेशी व्यवहार सुरू केलेलं कार्ड. भारतीय कार्डांवर ही सोय स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. बँक परकीय चलनासाठी वेगळा आकार लावते, तो हिशेबात धरा.
- विक्रेत्याचं पूर्ण बिल, त्यात प्रत्येक डिस्कचं नाव आणि किंमत. नुसतं ‘मल्टिमीडिया’ लिहिलेलं बिल अडतं.
- पिनकोड आणि मोबाइल नंबरसकट पत्ता, इंग्रजीत.

वाटा तीन. पहिली, थेट मागवणं. अमेरिकेतली सगळी दुकानं भारतात पाठवत नाहीत, त्यामुळे कार्टमध्ये माल टाकण्याआधी पत्ता घालून बघा. काही दुकानं अंदाजे ड्युटी आधीच कापून घेतात आणि उरली तर परत करतात. एखाद-दुसऱ्या डिस्कसाठी टपालखर्चच डिस्कइतका होतो, म्हणून ओळखीच्या दोघा-तिघांनी मिळून मागवणं बरं.

दुसरी वाट, घरचं माणूस. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये आतेभाऊ, मावसबहीण असणं आता नवलाचं नाही. वर्षभर त्यांच्या पत्त्यावर जमवायचं आणि ते सुट्टीला येताना बॅगेतून आणतात. त्यांना त्रास नको म्हणून प्लास्टिकच्या केस बाजूला ठेवून फक्त डिस्क आणि कव्हरचे कागद पातळ पाकिटांत आणायला सांगा. पण ‘पार्सलवर भेटवस्तू लिहून पाठव’ असं त्यांना कधी सांगू नका. ते खोटं विवरण होतं, आणि पार्सल अडकतं तुमच्या नावावर.

तिसरी, इथला जुना बाजार. ग्रंथालयं आणि व्हिडिओ लायब्ररी बंद होताना डीव्हीडी निघतात. नॉयर क्वचित सापडतं, पण बघायला काही जात नाही. पावसाळ्यात भिजलेला माल मात्र घेऊ नका.

अमेरिकेत क्रायटेरियनच्या डिस्क जुलै आणि नोव्हेंबरमध्ये बार्न्स अँड नोबलच्या दुकानांत निम्म्या किमतीला मिळतात. तिथला माणूस त्या सुमारास कामाला लावा.

संपलेल्या आवृत्तीसाठी तिप्पट किंमत मोजायची घाई करू नका. २०११ ते २०२० या काळात ट्वायलाइट टाइम नावाची कंपनी बहुतेक चित्रपटांच्या ३,००० प्रती काढायची. ‘द बिग हीट’ तसाच आला आणि संपला, आणि लोकांनी भलत्या किमती दिल्या. मग त्याच कंपनीने तो पुन्हा काढला, ब्रिटनमध्ये इंडिकेटरने काढला, आणि आता क्रायटेरियनचीही आवृत्ती आहे. मोठ्या स्टुडिओचा गाजलेला चित्रपट परत येतोच. अपवाद हक्कांच्या गुंत्यातल्या छोट्या चित्रपटांचा, ते दिसले की घ्यावेत.

७. पार्सल आल्यावर

उघडताना मोबाइलवर चित्रण करा. मग डिस्क उजेडाकडे धरून बघा: टाचणीएवढी भोकं, कडेपासून आत येणारा तपकिरी डाग, ढगाळपणा. त्यानंतर पूर्ण चित्रपट लावा, शेवटपर्यंत. परत करण्याची मुदत संपल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत अडकणारी डिस्क कुणी बदलून देत नाही.

जुने डीव्हीडी संच घेणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. २००६ ते २००८ या काळात छापलेल्या काही डीव्हीडी आतून खराब होत असल्याचं वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केलं. नॉयरच्या पाच संचांपैकी तिसरा आणि चौथा याच काळातले. ते वापरलेले मिळाले तर प्रत्येक डिस्क चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

८. टीव्ही नीट लावा

पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. प्लेअर आणि टीव्ही दोन्हीवर एचडीएमआयची ब्लॅक लेव्हल एकच हवी. एकीकडे ‘लिमिटेड’ आणि दुसरीकडे ‘फुल’ असेल तर सावल्या एक तर बुजतात किंवा धुरकट होतात, आणि आपण उगाच डिस्कला दोष देतो. चित्र ताणून पडदाभर करण्याचा पर्याय कायमचा बंद ठेवा. ब्राइटनेस लावताना एखादं रात्रीचं दृश्य थांबवून ठेवा आणि बाजूचे पट्टे पूर्ण काळे राहतील पण कोटाची घडी दिसेल, तिथे थांबा. खोलीतले दिवे मालवा. दिवसा पडदे ओढूनही नॉयर नीट दिसत नाही, रात्रीच पाहावा.

९. कपाट आणि पावसाळा

आपल्याकडे डिस्कपेक्षा कागद आधी जातो. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनपासून पुठ्ठ्याची खोकी आणि पुस्तिका बुरशी धरतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट वापरू नका. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका, ओल आतच राहते. डिस्क केसमध्ये, उभ्या. पुसायच्या तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

१०. नोंदवही ठेवा

चित्रपट, वर्ष, कंपनी, रीजन, कुठून घेतला, किती पैसे, पूर्ण चालवून पाहिला ती तारीख. मोबाइलवरच्या साध्या तक्त्यात ठेवलीत तर दुकानात उभं असताना कामी येते. संचांमुळे एकच चित्रपट दोनदा विकत घेणं फार सोपं असतं, ‘द लाइनअप’ आणि ‘५ अगेन्स्ट द हाउस’ हे दोन्ही कोलंबियाच्या जुन्या डीव्हीडी संचातही आहेत आणि इंडिकेटरच्या संचातही.

या वहीत हिंदीसाठी एक पान मोकळं ठेवा. ‘बाजी’ (१९५१), ‘आर पार’ (१९५४), ‘सी.आय.डी.’ (१९५६) या चित्रपटांत मुंबईच्या रस्त्यांवर हाच अंधार उतरला होता. त्यांच्या जुन्या भारतीय डीव्हीडींवर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का कायम असतो आणि काळा रंग धुऊन गेलेला असतो. तरीही आत्ता मिळतील त्या घेऊन ठेवा, आणि वहीत त्यांच्यापुढे लिहा: चांगली प्रत आली की बदलायची.